मुका दवाखाना

संध्याकाळी साडेसातला आमचे घरमालक टीव्ही लावायचे आणि लगेच त्याचा आवाज पूर्ण बंद करायचे. मग खुर्ची पुढं ओढून, गुडघ्यांवर हात ठेवून, ती दवाखान्याची मालिका संपेपर्यंत नुसती बघत बसायचे. पडद्यावर डॉक्टर एकमेकांवर ओरडायचे, नातेवाईक हंबरडा फोडायचे, नर्सा स्ट्रेचर ढकलत पळायच्या, आणि खोलीत ऐकू यायची फक्त पंख्याची घरघर आणि स्वयंपाकघरातली काकूंची भाकरी थापल्याची थपथप.

उस्मानपुऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचे. सुरुवातीला मला वाटलं, टीव्ही बिघडलाय. मी म्हटलंसुद्धा, "काका, स्पीकर गेलाय का? आमच्या क्लासजवळ एक जण चांगला दुरुस्त करतो."

"स्पीकर चांगलाय," ते म्हणाले. "बोलण्याकडं ध्यान गेलं की तोंड दिसत नाय. बस इथं. ही बाई आता काय करती बघ."

पडद्यावर भूल देणारी डॉक्टरीण मोठ्या सर्जनकडं बघून हसत होती.

"प्रेम करती ना त्याच्यावर?" काकांनी विचारलं.

"तसंच दिसतंय."

"नाय. घाबरती त्याला. हात बघ. पदराला पीळ घालायलीय."

मी दुसऱ्या दिवशी मोबाइलवर तोच भाग आवाजासकट बघितला. ती बाई त्याला लग्नाचं विचारत होती. मी काकांना सांगायला गेले तर त्यांनी हात वर केला. "सांगू नको. लिहून दिलेलं बोलतेत ते. त्याचं काय खरं धरायचं?"

ते वीज खात्यातून रिटायर झाले होते. सगळी नोकरी उपकेंद्रात, पॅनेलसमोर काढलेली. मीटरच्या काट्याकडं बघत बसायचं आणि काटा जागचा हलला की फोन उचलायचा, हे त्यांचं काम. "मीटर कधी बोलतं का?" ते म्हणायचे. "काटा बघावा लागतो. आपलं ध्यान पाहिजे, बास." हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. भाजीवाल्यालासुद्धा.

माणसांच्या तोंडाकडंही ते असंच बघायचे, समोरचा अवघडून जाईपर्यंत. बँकेत एकदा त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसाला सांगितलं, "साहेब, तुमची झोप झाली नाय. घरी काय तरी चाललंय." तो माणूस इतका भडकला की मॅनेजर बाहेर आला. मला म्हणायचे, "आज वर्गात कुणाला तरी लई बोललीस तू." आणि मी खरंच बोललेली असायचे. त्यामुळं पहिलं वर्षभर माझा त्यांच्यावर विश्वास होता.

मी मेडिकलच्या प्रवेशाच्या, नीटच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. खोली बघायला आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "काय शिकवता मॅडम?" मी सांगितलं. ते उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. मी पायऱ्यांवर तशीच उभी. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या, ओले हात पदराला पुसत.

"ऱ्हा तुम्ही," त्या म्हणाल्या. "त्यांचं मनावर घेऊ नका. आमचा एकच होता. डॉक्टर झालता. पुढचं शिकायला गेला आन् तिथंच होस्टेलात त्यानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं. पहिलंच वरीस होतं." एवढं एका दमात सांगून त्या म्हणाल्या, "पाणी सकाळी सहाला येतं. बादल्या भरून ठेवायच्या."

पुढं काकांची आणि माझी गट्टी जमली, पण माझ्या नोकरीबद्दल त्यांनी मला कधीच माफ केलं नाही. निकाल लागायचा, क्लासवाले पोरांचे फोटो लावायचे, चौकात फटाके फुटायचे. काका दारात उभे राहून विचारायचे, "काय मॅडम, यंदा किती पोरं आत घातले?" जेलमध्ये घालतात तसं म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायचे. मग ते हळू आवाजात म्हणायचे, "आत गेल्यावर त्यांच्याकडं कोण बघतं गं?"

एकदा ते क्लास सुटायच्या वेळी आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. बाहेर पडणाऱ्या एकेका पोराचं तोंड निरखत होते. वॉचमननं हटकलं तेव्हा मला बोलावणं आलं. "ती निळ्या दप्तराची पोरगी," ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिच्याशी बोल. आजच बोल. उद्यावर ठेवू नको." मी दुसऱ्या दिवशी त्या पोरीला थांबवलं, बराच वेळ आडवळणानं विचारलं. शेवटी कळलं, तिची दाढ दुखत होती. मी काकांना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. "दाढ सांगितली तिनं तुला," ते म्हणाले.

काकू कधीच ती मालिका बघायच्या नाहीत. त्या वेळेला त्या मुद्दाम भाकरी टाकायला बसायच्या, टीव्हीकडं पाठ करून. एकदा मी भाकरी भाजायला मदत करत होते तेव्हा म्हणाल्या, "ते डॉक्टरांचे तोंडं बघतेत. माझं तोंड बघितल्याला किती वरसं झाले, विचार त्यांना." मग हसल्या. त्या हसण्याचं काय करायचं ते मला कळलं नाही.

त्या मालिकेत एक चष्मेवाला ज्युनियर डॉक्टर होता. त्याला नाव नव्हतं, संवाद नव्हते. मोठा सर्जन राउंडला निघाला की मागं तीन-चार पोरं चालायची, त्यांत हा शेवटचा. हातात फाइल. सगळे हसले की हा उशिरा हसायचा. बघणाऱ्यांना तो दिसतसुद्धा नसेल. काकांना दुसरं कुणी दिसेनासं झालं.

"बघ, शर्ट कालचाच," ते म्हणायचे. "घरी गेलाच नाय तो."

"काका, शूटिंग एकाच दिवशी करतात."

"आन् हे डोळे? हे पण शूटिंगचे?"

सर्जन आणि भूलवालीचं जमलं, मोडलं, पुन्हा जमलं. सर्जनच्या आईला कॅन्सर झाला आणि बरा झाला. काकांना त्याच्याशी घेणंदेणं राहिलं नाही. कॅमेरा सर्जनच्या तोंडावर गेला की ते चिडायचे, "सरक की बाजूला!" आणि मान वाकडी करून, जणू पडद्याच्या कडेपलीकडं बघता येईल असं, त्या पोराला शोधायचे. रविवारी मालिका नसायची. त्या दिवशी ते अंगणात येरझाऱ्या घालायचे. "आज ड्युटी असंल त्याची," म्हणायचे. "दाखवत नाहीत नुसते."

एका भागात ऑपरेशन चालू होतं. पेशंट दगावणार असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. एवढ्यात तो पोरगा सगळ्यांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. क्षणभरच. काका खुर्चीतून उठले. "ए," ते टीव्हीला म्हणाले. "ए, बघा ना कुणीतरी. तो पोरगा बघा." मग माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं. "इतके जण हायेत खोलीत," ते म्हणाले. "एक जण वळून बघत नाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो पोरगा मालिकेतून गेला.

गेला म्हणजे दिसेनासा झाला. राउंडला आता एक जण कमी. काका पहिल्या दिवशी म्हणाले, रजेवर असंल. पुढच्या आठवड्यात म्हणाले, नाइटला टाकलं असंल. मग त्यांनी, मी तिथं राहायला आल्यापासून पहिल्यांदा, टीव्हीचा आवाज सुरू केला. इतका मोठा की काकू दचकून बाहेर आल्या. काका पुढं वाकून ऐकत होते, कुणीतरी त्याचं नाव घेईल, कुणीतरी विचारेल, अरे तो कुठाय. कुणी विचारलं नाही. भूलवाली नव्या साडीत आली. सर्जन गाणं म्हणाला. असं बरेच दिवस चाललं. काका रात्रीचं जेवेनात. म्हणायचे, "माणूस गेला तर निदान एक मिनिट तरी थांबतेत का नाय?"

"अहो, खोटं हाय ते सगळं," काकू म्हणाल्या.

"मला म्हाइतीय खोटं हाय," काका म्हणाले. "मी कुठं खरं म्हणलो?"

मीच मग मोबाइलवर शोधायला लागले. मालिकेचं पान, त्यावरचे फोटो, फोटोखालची नावं. शोधता शोधता तो सापडला आणि मी थक्क झाले. पोरगा इथलाच होता. आमच्याच शहरात नाटक शिकलेला, आता पडेगावला भावाच्या टाइल्सच्या दुकानात बसत होता. मी त्याला मेसेज टाकला, की आमचे घरमालक तुमचं काम रोज बघायचे. त्याचा लगेच फोन आला. "खरंच?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "मला ओळखलं त्यांनी? मॅडम, माझ्या आईलापण मी दाखवल्याशिवाय दिसत नव्हतो."

मी त्याला घरी यायला सांगितलं. तो आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. चष्मा नव्हता. तो मालिकेचा होता. चांगला हसरा, गुबगुबीत पोरगा. काकांच्या पाया पडला. काकांनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले आणि त्याच्याकडं बघत राहिले. काकूंनी पोह्यांची बशी आणून त्याच्या हातात दिली आणि त्या स्वयंपाकघराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. जावं की राहावं, असं त्यांचं चाललं होतं.

"खा," काका म्हणाले. "तिथं खायला देत होते का?"

"लई भारी जेवण असतं काका सेटवर. माझं वजन वाढलं तिथं."

काका हसले नाहीत. "ते ऑपरेशन होतं. तू भिंतीकडं तोंड करून उभा राहिलतास. आठवतंय?"

"हो, हो! ते दिसलं तुम्हाला?"

"काय चाललं होतं तुझ्या मनात?"

पोरगा खुलला. असा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसावा. त्यानं बशी खाली ठेवली, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि काकांच्या तोंडाकडं बघून त्याला काय वाटलं कोण जाणे, तो खरं बोलला.

"काका, लाइट चष्म्यावर चमकत होता. डायरेक्टर ओरडले, त्या चष्मेवाल्याला तिकडं वळवा. म्हणून वळलो."

"आन् मनात?"

"मनात काय नाय. आज तरी एक वाक्य देतील का, एवढंच."

"दुसरं काय नाय?"

"नाय काका."

"डोळे सुजलेले असायचे तुझे."

"मेकअप होता तो. ज्युनियर डॉक्टर म्हणून काळं लावायचे डोळ्याखाली." तो ओशाळून माझ्याकडं बघायला लागला. आपलं काय चुकलं हे त्याला समजत नव्हतं. "तुम्हाला आवडलं नाय का काका माझं काम?"

"लई चांगलं केलंस," काका म्हणाले. "मला फसवलंस म्हणजे चांगलंच केलंस." मग विचारलं, "तुला काढलं तेव्हा कुणी विचारलं नाय?"

"काढलं असं नाय. पुढं बोलावलंच नाय त्यांनी. कोण विचारणार?"

तो गेल्यावर काका स्टुलावरच बसून राहिले. पेढ्यांचा बॉक्स समोर तसाच. मी वर जायला निघाले होते, तेवढ्यात ते कुणाला उद्देशून नाही असं म्हणाले, "म्हणजे मला याचं पण नाय कळलं. आपल्याला कळतच नव्हतं, तर त्याचं कसं कळणार होतं?"

"कुणाचं?" काकू म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की मला वाटलं, काही मागतायत. मग त्या चौकटीतून आत आल्या.

"कुणाचं तोंड वाचायचं होतं तुम्हाला? तो काय मुका होता का? त्यानं बोलून सांगितलं. इथं, या खोलीत, जेवायला बसल्यावर. पप्पा, मला तिथं परत नाय जायचं. मला सोसंना. असं म्हणला. मराठीत म्हणला. मी ऐकलं, तुम्ही ऐकलं. तुम्ही म्हणले, आधी जेव. मग म्हणले, पहिलं वरीस सगळ्यांनाच जड जातं. आन् सकाळी तुम्ही त्याची बॅग उचलून बसस्टँडवर नेली. मी दारात उभी राहिले आन् मी पण काय नाय बोलले. मी पण म्हणलं, बापाला जास्त कळतं."

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. वर जायचं की थांबायचं, मला उमगेना.

"माझ्या लेकानं काय बी लपवलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "आन् तुम्ही रोज त्या डब्यापुढं बसून लपवल्यालं शोधता."

"मला म्हाइतीय," काका म्हणाले.

"काय म्हाइतीय?"

"त्यानं सांगितलं होतं ते. रोज म्हाइती असतं."

"मग कामून बसता तिथं?"

काकांनी पेढ्यांचा बॉक्स बाजूला सरकवला. मग म्हणाले, "त्या डब्याचा आवाज बंद करता येतो."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, त्या रडतील, किंवा त्यांच्यापाशी जाऊन बसतील. इतक्या वर्षांनी दोघं एकदाचं बोलली होती. मी तेव्हा तरुण होते, मला वाटायचं, बोललं की मोकळं होतं. काकू वळल्या आणि आत जाऊन त्यांनी भांडी घासायला काढली.

पुढच्याच आठवड्यात त्या लासूर स्टेशनला भावाकडं गेल्या. चार साड्या एका पिशवीत. मला म्हणाल्या, भाचीचं बाळंतपण हाय. भाचीला कसलं बाळंतपण, ती अजून कॉलेजात होती. काका रिक्षापर्यंत पिशवी घेऊन गेले. रिक्षात बसल्यावर काकू म्हणाल्या, "मी आता तिकडंच राहते."

"बरं," काका म्हणाले. "ऱ्हा."

त्यांनी एका शब्दानं अडवलं नाही. अडवायला हवं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही. मला वाटतं, आता समोरच्यानं जे म्हटलं ते तसंच्या तसं ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. पण तोवर ज्याचं ऐकायचं असं घरात कुणी उरलं नव्हतं.

काकू परत आल्या नाहीत. भांडण नव्हतं, कोर्टकचेरी नव्हती. काका रविवारी गाडीनं लासूरला जायचे, मेहुण्याच्या ओट्यावर बसायचे. काकू चहा आणून द्यायच्या. बाजारातली मेथी, नाहीतर भेंडी पिशवीत घालून द्यायच्या आणि आत जायच्या. काका संध्याकाळच्या गाडीनं परत. टीव्ही त्यांनी गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. माणसांच्या तोंडाकडं बघायचंही सोडलं. बोलताना ते आता जमिनीकडं बघायचे. भाजीवाला मला म्हणाला, "काका सुधरले." पुढं मी नाशिकला नोकरी धरली. अधूनमधून फोन करते. ते उचलतात, "बरंय" म्हणतात आणि मी ठेवायची वाट बघतात. वरची खोली मी सोडल्यापासून रिकामीच आहे असं ऐकते.

नाशिकला जायच्या आधी मी एकदा त्यांच्याबरोबर लासूरला गेले होते, काकूंचा निरोप घ्यायला. काकूंनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. काकांना चहा दिला. दोघांत एवढंच बोलणं झालं की काकांनी दबक्या आवाजात काहीतरी विचारलं आणि काकूंनी मान हलवून नाही म्हटलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. काका खिडकीशी बसले होते, मांडीवर भाजीची पिशवी. दौलताबाद मागं पडलं. मग एकदम म्हणाले, "तिला विचारलं, त्या दिवशी जेवायला काय होतं. ती म्हणली, आठवत नाय."

कुठला दिवस, हे मला विचारावं लागलं नाही.

"मला आठवतंय," ते म्हणाले. "शेपूची भाजी होती. त्याला शेपूचा वास सहन व्हायचा नाय. लहानपणापासून. ताटात वाढली तर उठून जायचा." बोलता बोलता ते पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, परत गुंडाळत होते. "मी म्हणलो ना त्याला, आधी जेव. तर त्यानं खाल्ली. खाली मान घालून. सगळी खाल्ली."